बाजाराची बाराखडी कोणासाठी?

ब्रिटनमध्ये रुग्णसेवा करू इच्छिणाऱ्या आपल्या परिचारिका 'आयेल्ट्स' या इंग्रजीच्या परीक्षेला बसतात, तेव्हा त्यांना ऐकणे, वाचणे व बोलणे यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ गुण मिळवावे लागतात. निबंध जाहिरातींवर येईल की व्यापारावर, याचा नेम नसतो. म्हणून शिकवणीवर्गांत 'मार्केट शेअर', 'ब्रँड लॉयल्टी', 'टार्गेट ऑडियन्स' अशा शब्दांची घोकंपट्टी चालते. रुग्णाची नाडी पाहणाऱ्या हातांना ब्रँडवरील निष्ठेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारीत नाही. वैद्यकीय क्षेत्रासाठी वेगळी परीक्षा आहे, असे सांगितले जाईल. आहे खरी, पण तिचे शुल्क याहूनही अधिक!

वस्तुतः ही परीक्षाच एक व्यापार आहे. १९८९ साली सुरू झालेल्या या परीक्षेचा भारतातील आपला व्यवसाय ब्रिटिश कौन्सिलने २०२१ मध्ये 'आयडीपी' या ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला १३ कोटी पौंडांना विकला. विकले काय? परदेशी जाऊ पाहणाऱ्या आपल्या तरुणांची निकड! शुल्क सतरा हजार रुपयांच्या वर, आणि निकाल ग्राह्य केवळ दोन वर्षे. भाषेचा सराव सुटतो, हे समर्थन मान्य केले तरी त्याचा भुर्दंड दर वेळी उमेदवारानेच का सोसावा?

याहून गंभीर गोष्ट शब्दांच्या पोटात दडलेली आहे. या शब्दसूचीत नागरिक 'कन्झ्यूमर' होतो, कामगार 'ह्यूमन रिसोर्स' होतो आणि कामगारकपातीला 'राइटसायझिंग' म्हणतात. हे तंत्र जुनेच आहे. १९२८ च्या सुमारास मुंबईच्या गिरणीमालकांनी 'रॅशनलायझेशन'चा घोष चालविला होता. विणकराला त्यासाठी शब्दकोश उघडावा लागला नाही. दोनऐवजी तीन माग सांभाळायचे आणि शेजारच्या सोबत्याने घरी बसायचे, हा अर्थ त्याला बरोबर उमगला. त्या वर्षी सुमारे सहा महिने गिरण्या बंद राहिल्या.

मग आम्ही इंग्रजीला विरोध करावा काय? मुळीच नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी आणि डॉ. आंबेडकरांनी इंग्रजीत बहुजनांच्या मुक्तीची वाट पाहिली. डॉ. लोहियांच्या 'अंग्रेजी हटाव'चा रोख होता तो इंग्रजीच्या सत्तेवर, तिच्या ज्ञानावर नव्हे. आपली मुले इंग्रजी शाळेत धाडून कष्टकऱ्यांच्या मुलांना मातृभाषेचे प्रवचन देणारे महाभाग आपल्याही चळवळीत आहेत. त्यांचा दंभ आम्हांला नको. परिचारिकेला इंग्रजी हवीच. रुग्णाची तक्रार समजण्यासाठी हवी, तशीच मालकाने पुढे केलेला करार वाचण्यासाठीही हवी.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. ज्याला परिचारिका हवी आहे त्या मालकाने परीक्षेचे शुल्क भरावे. शासकीय परिचर्या महाविद्यालयांत इंग्रजीचे शिक्षण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विनामूल्य मिळावे, म्हणजे खासगी वर्गांची दुकानदारी आपोआप ओसरेल. आणि शासन हलेपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. आपल्या अभ्यासमंडळांतून आठवड्याचे दोन तास इंग्रजीला द्यावेत. तेथे 'मार्केट शेअर'ही शिकवावा, परीक्षा आहे तोवर त्याला इलाज नाही. पण त्याच्या आधी 'बाँड', 'प्रोबेशन', 'डिडक्शन', 'नोटीस पीरियड' आणि 'ओव्हरटाइम' हे शब्द शिकवावेत. पगारातून काय कापले जाणार आणि नोकरी सोडल्यास किती रक्कम भरावी लागणार, हे सही करण्यापूर्वी जिला वाचता येते, तिला फसविणे मालकाला सोपे जात नाही.