जनावरांची वाट

आष्टीच्या शिवारात तूर भरात आली की रात्रीची राखण चुकत नाही. रोही आणि रानडुकरं हातचं पीक लोळवतात. मग प्रत्येक घरात एकच सवाल: जंगल सोडून ही शेतात का येतात?

यवतमाळचं टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं. २०१९ मध्ये तिथला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ नव्या जागेच्या शोधात निघाला. तेलंगणाची हद्द ओलांडत, तेराशे किलोमीटरांहून जास्त चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२१ मध्ये तो गौताळ्यात दिसला. वाटेत सलग जंगल नव्हतं. होती शेतं, रस्ते आणि नाल्याकाठची झुडपं.

अभयारण्यं जोडणाऱ्या याच पट्ट्या आपण मोडतो आहोत. पडीक नांगरलं, नाल्याकाठची झाडी तोडली, प्लॉट पाडले. समृद्धी महामार्गावर जनावरांसाठी पूल आणि भुयारी वाटा बांधाव्या लागल्या, त्या म्हणूनच. रोह्याचं घर तर दाट जंगल नव्हेच. माळरान आणि गायरान. तेच गेलं, तर तो तुरीत येणारच.

बंधू-भगिनींनो, नुकसान झालं तर लगेच वन विभागाला कळवा, पंचनामा करून भरपाई मागा. कुंपणात वीज मात्र सोडू नका; अंधारात तिला माणूस आणि जनावर सारखेच. आणि ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला, तर गप्प बसू नका. उरलेलं गायरान ही पुढच्या पिढीची अमानत आहे.