विश्लेषण : गर्दी असूनही लहान मनोरंजन उद्याने का टिकत नाहीत?

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळू लागला की वरूडमधल्या घराघरांत एकच विषय निघतो : पोरांना सुट्टीत न्यायचे कुठे? चिखलदरा, नागपूरचे एखादे वॉटर पार्क, फार तर समृद्धी महामार्गाने थेट शिर्डी. काही वर्षांपूर्वी या प्रश्नाला, विशेषतः शाळेच्या सहलीपुरते, ठरलेले उत्तर होते. शेगावचे दर्शन आणि त्याला जोडून आनंदसागर. वऱ्हाडात जन्मलेल्या एका पिढीने मिनी ट्रेन, मत्स्यालय आणि संगीतावर नाचणारे कारंजे पहिल्यांदा पाहिले ते तिथेच. ते उद्यान बंद झाले, पुढे काही भाग पुन्हा उघडला. पण मधल्या काळात जे घडले त्यातून लहान गावांतल्या मनोरंजन उद्यानांचे खरे दुखणे दिसते. लोक येत नाहीत म्हणून ती बंद पडतात, ही सरसकट समजूत चुकीची आहे.

आनंदसागरमध्ये कमी काय होते?

खरे तर काहीच नाही. श्री गजानन महाराज संस्थानने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत हे उद्यान उभे केले. शेकडो एकरांचा परिसर, मधोमध तलाव, तलावातल्या बेटावर ध्यानकेंद्र, झाडी, मुलांची खेळणी, खुले रंगमंच, परिसराला फेरी मारणारी छोटी रेल्वे. तिकीट सामान्य कुटुंबाला परवडेल असे. संस्थानचे व्यवस्थापकीय विश्वस्त राहिलेले शिवशंकरभाऊ पाटील (त्यांचे निधन ऑगस्ट २०२१ मध्ये झाले) यांच्या शिस्तीचा ठसा तिथल्या प्रत्येक रस्त्यावर दिसे. कागदाचा कपटा पडला तरी उचलणारा सेवाधारी जवळपास असायचाच.

व्यवसायाच्या भाषेत बोलायचे तर कोणत्याही उद्यानचालकाला हेवा वाटावा अशी ही स्थिती होती. ग्राहक शोधायला जाहिरात करावी लागत नव्हती. दर्शनाला येणारा भाविक आपसूक येत होता. मनुष्यबळावरचा खर्च सेवाधाऱ्यांमुळे आटोक्यात होता. नफा वाटून घेणारा भागधारक नव्हता. तरीही गेल्या दशकाच्या उत्तरार्धात हे उद्यान बंद झाले आणि बरीच वर्षे त्याचे दार लावलेलेच राहिले. २०२३ पासून ध्यानकेंद्र आणि परिसराचा काही भाग टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला.

अडचण होती पायाखालच्या जमिनीची. ती शासनाकडून भाडेपट्ट्याने मिळालेली होती आणि पट्ट्याच्या अटी-मुदतीच्या प्रश्नात प्रकल्प अडकला. दुसरी अडचण पाण्याची. शेगाव हे पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातले गाव. जमिनीखालचे पाणी क्षारयुक्त. तलाव भरलेला ठेवायचा, हजारो झाडे जगवायची तर पाणी बाहेरून आणावे लागणार. दुष्काळी वर्षात गावाच्या नळाला पाणी नसताना उद्यानाच्या तलावाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील, हे सांगायची गरज नाही. संस्थानसारखी सक्षम संस्था जिथे या दोन प्रश्नांपुढे थांबली, तिथे दोन-चार एकरांत घसरगुंड्या उभ्या करणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाची काय कथा!

जमीन दुसऱ्याची, खेळणी आपली

हा अनुभव एकट्या शेगावचा नाही. दिल्लीत प्रगती मैदानाजवळ १९८४ मध्ये सुरू झालेले ‘अप्पू घर’ हे देशातल्या पहिल्या मोठ्या मनोरंजन उद्यानांपैकी एक. राजधानीचे ठिकाण, गर्दी भरपूर. २००८ मध्ये ते बंद झाले ते प्रेक्षक आटले म्हणून नव्हे. ती मोक्याची जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी हवी होती. आकाशपाळणा उचलून दुसरीकडे नेता येतो, पण त्याचा पाया, जमिनीखालच्या जलवाहिन्या, पंधरा वर्षे वाढवलेली झाडे नेता येत नाहीत. उद्यानातला बहुतेक पैसा असा जमिनीत पुरलेला असतो. म्हणून भाडेपट्ट्याची शेवटची सात-आठ वर्षे उरली की चालक नवीन खेळणे घ्यायला धजावत नाही, बँक कर्ज देत नाही, जुने खेळणे रंग मारून चालवले जाते. लोकांना वाटते, मालकाने लक्ष सोडले. प्रत्यक्षात उरलेल्या मुदतीत पैसा वसूल होणार नाही, हे त्याला कळलेले असते.

जमीन आणि पाणी दोन्ही हाताशी असले तर?

त्याचे उत्तर पैठणला मिळते. जायकवाडीच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर उभे राहिलेले संत ज्ञानेश्वर उद्यान पाटबंधारे खात्याचे. जमीन सरकारची, शेजारी नाथसागर. कारंजी होती, रोषणाई होती, मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली रांगेने येत. तरीही या उद्यानाची वर्षानुवर्षे दुरवस्था झाली. धरण बांधणाऱ्या खात्याकडे बाग उभारायला पैसा असतो, कारण तो प्रकल्पाच्या खर्चात बसतो. ती बाग दरवर्षी छाटायला, दिवे बदलायला, कारंज्याचा पंप दुरुस्त करायला जो पैसा लागतो तो कोणत्याच प्रकल्पात बसत नाही. अभियंत्याची बढती कालव्यावर अवलंबून, गुलाबाच्या ताटव्यावर नाही. मग अधूनमधून कोट्यवधींच्या ‘पुनरुज्जीवना’ची घोषणा होते, रोजच्या निगराणीला मात्र माणूस नसतो.

केरळात कोची येथे २००० मध्ये ‘वीगालँड’ सुरू करणाऱ्या आणि पुढे ‘वंडरला’ या नावाने वाढलेल्या कंपनीने हा मुद्दा लवकर ओळखला. अनेक खेळणी ही कंपनी स्वतःच्या कारखान्यात बनवते. साहजिकच ती दुरुस्त करणारे हातही घरचेच. लहान उद्यानात याच्या उलट घडते : परदेशी बनावटीचे जुने यंत्र घेतले जाते, सुटा भाग मिळत नाही, आणि ऐन हंगामात ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागते. काही वेळा पाटीही लागत नाही, तेव्हा त्याची किंमत वेगळी असते. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी जुलै २०१९ मध्ये झुलता पाळणा कोसळून दोघांचा जीव गेला. देखभालीत वाचवलेला पैसा असा वसूल होतो.

वर्षातले किती दिवस कमाईचे?

वॉटर पार्कचा हंगाम मार्चच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत. म्हणजे जेमतेम ९० दिवस, त्यातही खरी गर्दी रविवारची आणि लग्नसराईत पाहुणे घरी असतानाची. पुढे दिवाळीचा आठवडा आणि हिवाळ्यातल्या शाळांच्या सहली. सहलीचे तिकीट सवलतीतच द्यावे लागते. उरलेले दिवस दार उघडे, आत सन्नाटा. पण चौकीदार, माळी, यंत्रचालक यांचे पगार, विम्याचा हप्ता आणि वीज जोडणीचा स्थिर आकार चालूच.

त्यात कर. जीएसटी आला तेव्हा मनोरंजन उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. समजा, तिकीट करासह ३०० रुपये आहे. त्यातले सुमारे ४६ रुपये करात जातात. महानगरातले उद्यान तिकीट वाढवून ही भरपाई करते. वरूड-मोर्शीत ते जमत नाही, कारण चार जणांचे कुटुंब हजार-बाराशे रुपये वर्षातून किती वेळा खर्च करील, हे तिथे संत्रा ठरवतो.

आंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. बगीचा चांगल्या भावात विकला गेला की सराफापासून मोटारसायकलच्या शोरूमपर्यंत सगळीकडे हालचाल दिसते. फळगळ झाली, व्यापाऱ्याने सौदा मोडला की तीच बाजारपेठ ओस. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेत २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टक्यांवर नेले आणि वरूडच्या संत्र्याची एक मोठी वाट आक्रसली. ढाक्यात घेतलेला निर्णय आणि वरूडजवळच्या पाळण्याचे तिकीट यांचा संबंध वरवर दिसत नाही, पण आहे. एका पिकाच्या प्रदेशात चैनीचा धंदा उभा करणाऱ्याने त्या पिकाची जोखीमही विकत घेतलेली असते.

पाण्याचा हिशेब कोण मांडणार?

वरूडमध्ये वॉटर पार्क काढण्याची कल्पना कोणाच्याही मनात आली तरी तिची पहिली परीक्षा इथे आहे. वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी वर्षानुवर्षे ओळखले जातात. विहिरी आटल्या, मग बोअर आले. तीनशे फुटांवर लागणारे पाणी पुढे आठशे-हजार फुटांपर्यंत गेले. उन्हाळ्यात टँकरने झाडे जगवणारे शेतकरी या भागात नवे नाहीत.

पोहण्याचा तलाव, लाटांचा तलाव आणि घसरगुंड्यांखालची कुंडे धरून पाण्याचे उघडे क्षेत्र फक्त १,००० चौरस मीटर, म्हणजे पाव एकर, असे समजू. विदर्भातल्या मे महिन्यात उघड्या पाण्याचे रोज सुमारे १० मिलिमीटर बाष्पीभवन होते. म्हणजे दिवसाला १०,००० लिटर पाणी नुसते उडून जाते, एक मोठा टँकर. संत्र्याच्या वाढलेल्या झाडाला कडक उन्हाळ्यात ठिबकने रोज शंभरेक लिटर पाणी लागते. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या एकरात अशी ११० झाडे बसतात. पाव एकर तलावातून उडणारे पाणी जवळपास एकरभर संत्रा जगवू शकते! अंगावरून सांडणारे पाणी, गाळणी धुण्यासाठी सोडावे लागणारे पाणी, अंघोळीच्या शॉवरचे पाणी हे सगळे वेगळे.

पाणी फिरवून वापरता येते, हे खरे. चांगली गाळणयंत्रणा असलेले उद्यान तेवढे उधळे नसते. पण शेजारच्या शेतकऱ्याचे बोअर एप्रिलमध्ये बंद पडले आणि कुंपणापलीकडे लाटा उसळताना दिसल्या, तर तंत्रज्ञानाचा खुलासा कोण ऐकून घेणार? इथे बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या वॉटर पार्कला परवानगी देऊ नये. उद्यान नको म्हणून नव्हे. असे उद्यान पहिल्याच दुष्काळात बंद पडेल म्हणून.

मोठ्यांचे तरी कुठे बरे चालले आहे?

खोपोलीजवळ एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका मुंबई-पुण्याच्या मध्यावर, द्रुतगती मार्गालगत. २०१५ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. तरीही कर्जाच्या बोजाखाली ती वाकली आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाच्या हाती गेली. या समूहाने शिर्डी आणि लोणावळ्यात वॉटर पार्क चालवून धंद्याची नस ओळखली होती. शिर्डीतले त्यांचे उद्यान भाविकांच्या वाटेवर आहे, हा त्यातला महत्त्वाचा भाग. जपानमध्ये नारा शहरातले ‘ड्रीमलँड’ १९६१ पासून चालू होते. शेजारच्या ओसाकात २००१ मध्ये बलाढ्य स्टुडिओ-उद्यान आले आणि २००६ मध्ये ते बंद झाले. समृद्धी महामार्गाने वऱ्हाडाला शिर्डी जवळ आणली आहे. इथल्या लहान उद्यानाची स्पर्धा आता तालुक्यातल्या दुसऱ्या उद्यानाशी राहिलेली नाही.

मग जत्रा कशी टिकते?

चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची जत्रा डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारी संपेपर्यंत भरते. रोडगे, हांडीतले मटण, रात्रीची थंडी, आणि आकाशपाळणा, ब्रेक डान्स, मौत का कुआँ. सालबर्डीला महाशिवरात्रीची गर्दी वेगळी. वऱ्हाडाचे जुने मनोरंजन उद्यान हेच. गर्दी जिथे असते तिथे पाळणा जातो, गर्दी ओसरली की ट्रकवर चढतो. त्याला ओसाड महिन्यांत जमिनीचे भाडे भरावे लागत नाही, तलावही भरावा लागत नाही. त्याची सुरक्षा तपासणी आजच्यापेक्षा कितीतरी कडक हवी, यात वाद नाही. पण त्याचे अर्थकारण पक्क्या भिंतींच्या उद्यानापेक्षा शहाणपणाचे आहे.

वरूड परिसरात काय शक्य आहे?

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. पावसाळ्यात धरणाची १३ दारे उघडली की अमरावतीपासून वरूडपर्यंतची माणसे पाणी पाहायला लोटतात. भुट्टे, भजी, चहा, मोबाइलमध्ये फोटो. तिकीट नाही, जाहिरात नाही. मुलांसाठी जागा करायचीच असेल तर ती अशा ठिकाणी करावी, जिथे माणसे आधीच येतात आणि पाणी जमिनीतून ओढावे लागत नाही. मोठी घसरगुंडी, संगीत कारंजे यांचा मोह मात्र टाळावा लागेल. सावली, स्वच्छ शौचालये, पिण्याचे पाणी, साधी खेळणी, सुरक्षित कठडे आणि अंधार पडेपर्यंत थांबणारा चौकीदार एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मात्र पैठणसारखे होऊ द्यायचे नसेल, तर वाहनतळाचे आणि दुकानांचे उत्पन्न त्याच बागेच्या दुरुस्तीला बांधून द्यावे लागेल. ते खात्याच्या तिजोरीत गेले की परत येत नाही. जागा कोणाची, किती वर्षांसाठी आणि मुदत संपल्यावर झाडांचे काय, हे पहिला खड्डा खणण्याआधी कागदावर यायला हवे. राहिला आकाशपाळणा, तर तो हंगामापुरता भाड्याने आणता येतो. बहिरमची जत्रा उलगली की ते पाळणेवाले नाहीतरी पुढच्या गावाच्या शोधात असतात.