तीन आण्यांत सत्तावन्न हजार चित्रे

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत चालला आणि सुरतेत पडला. सुरतेच्या पहिल्या खेळाचा गल्ला अवघा तीन रुपये झाला, असे सांगतात. कारण उघड होते. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तास नाटक बघायची सवय. दीड तासाच्या मुक्या खेळाला तो तीन आणे का देईल? फाळक्यांनी दर उतरवला नाही, खेळही लांबवला नाही. त्यांनी जाहिरात बदलली : फक्त तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचा खेळ. गर्दी वाढली.

हा किस्सा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकला असेल. पण छोट्या जाहिरातीवर पोट असलेल्यांनी तो हिशेब मांडून तपासावा. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती आणि एका फुटात सोळा चित्रे बसतात. गुणाकार एकोणसाठ हजारांच्या आसपास जातो. म्हणजे सत्तावन्न हजार हा आकडा खरा होता, फेकलेला नव्हता. दोन मैल मात्र खरे नव्हते. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. पहिला आकडा आपण घ्यावा, दुसरा सोडून द्यावा. खऱ्या आकड्याने काम होत असताना शेजारी खोटा बसवला की दोन्हींवरचा विश्वास जातो.

खरी गोष्ट त्याहून पुढची आहे. याच चित्रपटाची ३ मे १९१३ची मुंबईची जाहिरात पाहा. गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये खेळ सहा, आठ, दहा आणि पावणेबाराचे. भारतात तयार झालेला पहिला चित्रपट, काशीची खरीखुरी दृश्ये आणि खाली दर नेहमीच्या दुप्पट असल्याची स्पष्ट सूचना. तिथे लांबीचा उल्लेख कशाला हवा? मुंबईकराने विलायती चित्रे वर्षानुवर्षे पाहिली होती. १८९६च्या जुलैत वॉटसन हॉटेलात ल्यूमिएरचे खेळ एक रुपया दराने झाले, तेव्हापासून ‘शतकातला चमत्कार’ वगैरे भाषा त्याने वाचली होती. त्याला नवे होते ते एवढेच, की हे आपले आहे. सुरतकराच्या मनातली अडचण वेगळी होती : पैसे वसूल होतील का? फाळक्यांनी प्रत्येक गावाला त्याच्याच शंकेचे उत्तर दिले. छोट्या जाहिरातीची सगळी कला मला यातच दिसते. मोठ्या जाहिरातीत चार गोष्टी मावतात, दोन इंचांत एकच मावते. ती कोणती, हे चित्रपट ठरवत नाही. वाचणाऱ्याचे पाऊल जिथे अडते, ते ठिकाण ठरवते.

फाळके मुळात छपाईतले होते, हे आपल्या मंडळींनी विसरू नये. ब्लॉक, शिळाछपाई, तिरंगी छपाई यांत त्यांचे हात मळले होते. तिरंगी छपाईची यंत्रे आणि तंत्र पाहायला ते जर्मनीलाही गेले होते. कागदावर काय उठते आणि काय बुजते, हे जाणणारा माणूस जाहिरातीत चित्राऐवजी आकडा वापरतो, यात मला नवल वाटत नाही.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. त्यांचा द्रौपदीच्या कथेवरचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. बाबूराव आपल्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवत, आणि भिंतीवर त्या रंगांना तोड नव्हती. पण तेच पोस्टर एका कॉलमात बसवून वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर छापले तर हाफटोनचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि द्रौपदीच्या जागी शाईचा डाग उरतो. भिंतीचे काम भिंतीने करावे. कॉलमात नाव, ठिकाण, वेळ, दर आणि एक ओळ. चित्र हवेच असेल तर जाड रेषेचा लाइन ब्लॉक, तोही अंगठ्याएवढा. न्यूयॉर्कच्या एपीस विन्थ्रॉप सार्जंटने १९१५ साली सिनेमागृहाच्या जाहिरातींवर अख्खे पुस्तक लिहिले. तिकडच्या थिएटरवाल्यांना टाइप, ब्लॉक आणि मांडणी अक्षरशः हाताला धरून शिकवावी लागत होती, तर आपल्याकडे चुका झाल्या यात लाज नाही.

मात्र रोमन लिपीचे नियम देवनागरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि इथेच आजही सर्वाधिक घोळ होतो. आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. खिळे जुळवणारा कंपोझिटर ओळींमध्ये शिशाची पट्टी घाली, ती मात्रांना श्वास मिळावा म्हणून. संगणकावर ती पट्टी दिसत नाही, म्हणून आपण ओळी दाबतो. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो आणि वाचक पुढे सरकतो. दुसरे, शिरोरेषा. सलग शिरोरेषेमुळे ठळक देवनागरी ओळ स्वतःच एक रूळ होते. तिच्याभोवती आणखी दुहेरी चौकट आणि कोपऱ्यात वेलबुट्टी घातली की दोन इंचांतला अर्धा इंच गेला. एक साधा रूळ आणि आत चारही बाजूंनी कोरी जागा, एवढे केले तरी शेजारच्या गर्दीत ती जाहिरात उठून दिसते. पैसे देऊन जागा कोरी ठेवायला गिऱ्हाईक तयार होत नाही, हे खरे. त्याला प्रूफ हातात देऊ नका. वर्तमानपत्राच्या पानावर चिकटवून, चार हात लांबून दाखवा.

कवठे महांकाळमध्ये डीटीपीचे काम करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की शंभर वर्षांपूर्वीच्या सिनेमाच्या जाहिराती आज त्याला काय उपयोगी. त्याच्याच गावावर एक धडा करून पाहू. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली आणि कवठे महांकाळला स्टेशन मिळाले. समजा, त्यानंतरच्या वर्षी मिरजेच्या एखाद्या थिएटरला या गावातला प्रेक्षक हवा आहे. दोन इंच जागा आहे. त्यात काय लिहाल? नटाचे नाव? ‘भव्य’, ‘अपूर्व’, ‘नेत्रदीपक’? गावातल्या माणसाची अडचण चित्रपटाबद्दल नाहीच. खेळ सुटल्यावर परत कसे यायचे, ही आहे. ‘खेळ संपताच परतीची गाडी मिळते’ ही ओळ, गाडी खरोखर मिळत असेल तर, कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त तिकिटे खपवील. नसेल मिळत, तर खेळाची वेळ बदला. मग जाहिरात द्या.

आज त्याच गावात द्राक्षाची रोपे, बेदाणा, क्लासेस, दवाखाना यांच्या जाहिराती तुम्ही करता. मालकाचा फोटो, देवाचा फोटो, तीन मोबाइल नंबर, ‘एकदा अवश्य भेट द्या’. रोपे घेणाऱ्याला हवी असते खुंटाची जात, रोपाचे वय आणि पोच कधी मिळेल ते. हे सहा शब्दांत मावते. ते मालकाला विचारून घेणे हे मांडणीकाराचेच काम आहे. फाँट निवडण्याआधीचे.

पुढच्या अंकापासून मूकपटाच्या काळातील मराठी वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती मूळ आकारात छापायचे ठरवले आहे. १९३२पूर्वीची कात्रणे कोणाच्या माळ्यावर, छापखान्यात किंवा गावच्या वाचनालयात असतील तर त्यांचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि कॉलमची रुंदी लिहून पाठवा. मूळ कात्रण पाठवू नका, तो कागद टपालात टिकणार नाही.