फुटबॉल म्हणा, सॉकर म्हणा, पण तिकिटाचं बोला

अमेरिकावाले फुटबॉलला सॉकर म्हणतात म्हणून आपली पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर हसतात. अहो, शब्द मूळ इंग्लंडचाच. 'असोसिएशन फुटबॉल'मधल्या 'असोसिएशन'चा तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेला अपभ्रंश. बोलायचंच तर तिकिटावर बोला. २०२६ च्या वर्ल्डकप फायनलचं तिकीट हजारो डॉलरला, तिथला साधा चाहताही वैतागलाय.

आपण तरी कुठं वेगळे? १४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला. सामना नाही, नुसतं दर्शन, अन् तिकिटं हजारोंच्या घरात. आदल्या दिवशी कोलकात्यात तो वीसेक मिनिटांत निघून गेला, तर लोकांनी खुर्च्या उखडल्या. तोडफोड चूकच. पण त्याच डिसेंबरात आपली आयएसएल कराराच्या घोळात बंद पडलेली होती, त्यासाठी किती जण चिडले?

कोल्हापूर बघा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. संघाला नाव तालमीचं नाहीतर मंडळाचं. शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ उतरते. राडेही होतात, ते सोडा. पण ज्याच्या नावानं ओरडायचं तो खेळाडू बऱ्याचदा गल्लीतलाच असतो.

जालन्यातही पाठीवर मेस्सीचं नाव घालून फिरणारी पोरं कमी नाहीत. स्टीलवाले, मोसंबीवाले गणपतीला सढळ हातानं देतात. एखाद्या मोहल्ल्याच्या संघाला दोन बॉल अन् गोलची जाळी देणारं कुणी आहे का? कमेंटमध्ये सांगा, बातमी मी करतो.