टाकीला लेझर कशाला?

घाटकोपर पूर्वेला, एम. जी. रोडवर या आठवड्यात आणखी एक पाटी झळकली: ‘लेझरने ब्रेसेस. ॲसिड नाही, पकड दुप्पट!’ दवाखान्याचं नाव लिहीत नाही. अशा पाट्या आता ढिगाने आहेत. मागे मी ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजवर लिहिलं तेव्हा ‘तुम्हाला यंत्रांचं वावडं आहे’ अशी पत्रं आली होती. आजचा मजकूर त्या पत्रलेखकांना सप्रेम भेट.

दातावर ब्रॅकेट, म्हणजे ब्रेसेसची तार धरणारा छोटा तुकडा, चिकटवायचा तर एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं गुळगुळीत कवच, आधी खरखरीत करावं लागतं. घरोघरी पाटा-वरवंटा होता तेव्हा टाकी लावून देणाऱ्या बाया दारावर यायच्या, काम तेच. १९५५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मायकेल ब्युओनोकोर यांनी ही टाकी ॲसिडच्या हाती दिली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक ॲसिड वापरत. ब्युओनोकोर यांनी तेच ८५ टक्क्यांचं ॲसिड ३० सेकंद दातावर ठेवलं, आणि वर लावलेलं रेझिन, म्हणजे दाताला चिकटवायचं राळेसारखं द्रव्य, पक्कं धरून बसलं. आज साधारण ३७ टक्क्यांचं जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात, धुतात, वाळवतात. एनॅमल वजनाने ९६ टक्के खनिजच. ॲसिड त्यातलं थोडं विरघळवून बारीक खड्डे पाडतं, त्यांत रेझिन झिरपून घट्ट होतं. डॉक्टर याला ‘एचिंग’ म्हणतात.

लेझरची तऱ्हा निराळी. या कामाला मुख्यतः एर्बियम लेझर लागतो. त्यातल्या एर्बियम-यागची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर, आणि हा प्रकाश पाणी फार जोरात शोषून घेतं. एनॅमलमधल्या जेमतेम पाण्याची क्षणात वाफ होते आणि तिच्या दाबाने खनिजाचे कण उडतात. ॲसिड विरघळवतं, लेझर फोडतो. टाकीचा ठोका जोरात बसला तर पाट्याचा कपचा निघायचा. इथेही ऊर्जा जास्त झाली की पृष्ठभागाखाली सूक्ष्म भेगा पडतात. मग रेझिन चिकटणार ते त्या भेगाळलेल्या थराला! काढलेल्या दातांवर ब्रॅकेट चिकटवून तो किती जोराने सुटतो, हे प्रयोगशाळेत मोजतात. त्या चाचण्यांचा कौल एकमुखी नाही: कुठे लेझर ॲसिडच्या बरोबरीला येतो, कुठे मागे पडतो. लेझरनंतर वरून ॲसिड लावावंच, असं सांगणारे संशोधकही आहेत. मग पाटीवरच्या ‘ॲसिड नाही’चं काय करायचं?

शिवाय दुप्पट पकड हवी कुणाला? ब्रॅकेटला ६ ते ८ मेगापास्कल पकड पुरते, असं दंतसंशोधक रेनॉल्ड्स यांनी १९७५ सालीच मांडलं. ॲसिडने ती सहज मिळते. ब्रॅकेट पुढे काढायचाच असतो. भलताच घट्ट बसला तर निघताना एनॅमलचा टवका घेऊन यायचा.

खरी गंमत पुढेच आहे. छोट्या दवाखान्यात ‘लेझर’ म्हणून जे दाखवतात ते बहुधा डायोडचं यंत्र असतं. हिरड्यांच्या कामाला ते चांगलं. एनॅमल खरखरीत करणं त्याचं काम नव्हे. एर्बियमचं यंत्र त्याच्या कितीतरी पट महाग. उलट ॲसिड जेलची सिरिंज काहीशे रुपयांत येते आणि बऱ्याच रुग्णांना पुरते. माझा जुना सिद्धान्त पुन्हा नोंदवतो: यंत्राचा हप्ता जितका मोठा, तितकी पेशंटच्या तोंडात कीड जास्त सापडते. पुरावा मागू नका, पाट्या मोजा.

लेझर टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. ड्रिलच्या आवाजाने धास्तावलेल्या मुलाची कीड काढायला एर्बियम खरोखर उपयोगी पडतो. बधिरतेचं इंजेक्शनही पुष्कळदा टळतं. पण ते काम वेगळं, ब्रॅकेट चिकटवणं वेगळं. एका कामाची पुण्याई दुसऱ्याच्या बिलात लावू नये.

तेव्हा पालकहो, मुलांना ब्रेसेस लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. लेझर डायोड की एर्बियम? नंतर ॲसिड लावणार का? आणि लेझर नको म्हटलं तर बिल कितीने उतरेल? उत्तरं गुळमुळीत आली तर मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. रांग लांब असेल, पण तिथे दुसरं मत घ्या आणि मगच पैसे मोजा.