वैर पंथांचे की प्रभागरचनेचे?

उत्तर आयर्लंडचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलेच असते: कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे पंथ जुळत नाहीत, म्हणून तिथे पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडते. १९६० च्या दशकाअखेरीपासून तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली, त्यामुळे हे उत्तर पटतेही. पण इतिहासाच्या कसोटीला ते उतरत नाही.

१७९१ मध्ये बेलफास्टला ‘युनायटेड आयरिशमेन’ ही संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे व्यापारी होते आणि तिचा बिनीचा नेता वुल्फ टोन प्रोटेस्टंट होता. कॅथलिकांच्या राजकीय हक्कांसाठी त्याने लेखणी झिजवली. १७९८ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध दोन्ही पंथांची माणसे उठली. त्या उठावात पंथद्वेषातून कत्तलीही झाल्या, हे नाकारता येत नाही. तरीही पंथभेद हेच वैराचे मूळ असते, तर ही जूट बांधलीच गेली नसती.

वैराला खतपाणी मिळाले ते जमिनीच्या आणि मतांच्या वाटपातून. १६०९ पासून आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातल्या जप्त जमिनी इंग्लंड-स्कॉटलंडहून आणलेल्या प्रोटेस्टंट वसाहतकऱ्यांना दिल्या गेल्या. १९२१ च्या आयर्लंडच्या फाळणीनंतर डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभागांच्या सीमा अशा आखल्या, की नगरसभा युनियनवाद्यांच्याच, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्या, प्रामुख्याने प्रोटेस्टंट गटाच्या हाती राहावी. स्थानिक निवडणुकीत मत देता येई ते घर ज्याच्या नावावर मालकीने वा भाड्याने असेल त्याला आणि त्याच्या जोडीदाराला. सरकारी घरे वाटायची नगरसभेने, म्हणजे घर नाकारले की मतही गेले! ऑक्टोबर १९६८ मध्ये डेरीत पोलिसांनी ज्या मोर्चावर लाठ्या चालवल्या, त्याच्या मागण्या मताच्या, घराच्या आणि नोकरीच्या होत्या. पोप किंवा बायबल त्यांत कुठेच नव्हते.

मग धर्म केवळ मुखवटा, भांडण सारे पैशाचे? हेही अर्धसत्यच. बेलफास्टचे गरीब कॅथलिक आणि गरीब प्रोटेस्टंट कामगार शेजारच्या गल्ल्यांत राहत, पण त्यांची एकजूट क्वचितच झाली आणि टिकली नाही. शाळा वेगळ्या, सोयरिकी आपापल्या पंथात. मुलाचे नाव आणि शाळा कळली, की त्याची बाजू कळे. राज्यकर्त्यांनी केलेला अन्याय असा वारसाहक्काने पुढे जात राहिला.

म्हणूनच १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने कोणाची श्रद्धा बदलू पाहिली नाही. सत्ता दोन्ही समाजांत वाटली. ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही नागरिकत्वे निवडण्याचा हक्क दिला. पुढे पोलीस दलाचीही पुनर्रचना झाली. पंथ होते तिथेच राहिले आणि हिंसाचार मात्र मोठ्या प्रमाणात ओसरला.

काम अजून अपुरे आहे. दोन्ही समाजांची मुले ठरवून एकत्र शिकवणाऱ्या शाळांत आजही दहा टक्क्यांहून कमी विद्यार्थी आहेत आणि १९६९ पासून वस्त्यांमध्ये उभ्या राहिलेल्या अनेक भिंती तशाच आहेत. ‘धर्म आहेत तोवर भांडणे राहणारच’ असे म्हणणारे या शाळांचा आणि भिंतींचा जाब सरकारला विचारतच नाहीत. तो विचारलाच पाहिजे, कारण प्रभागांच्या सीमा जशा बदलता आल्या, तशा शाळाही बदलता येतील.