डोंगर आडवे येत नाहीत

सॉल्ट लेक सिटी ही अमेरिकेतील युटा राज्याची राजधानी. पूर्वेला वासॅच पर्वताची भिंत, वायव्येला खारे सरोवर आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचावर. टोर्नेडो ही कान्सास-ओक्लाहोमाच्या सपाट मैदानांची डोकेदुखी, आपल्याला डोंगर सांभाळतात, अशी तिथल्या लोकांची जुनी समजूत होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण या राज्यात वर्षाकाठी सरासरी दोन-तीनच टोर्नेडो होतात आणि तेही बहुतेक ओसाड माळावर, दुबळे. ११ ऑगस्ट १९९९ रोजी दुपारी एकच्या सुमारास मात्र एक टोर्नेडो थेट शहराच्या मध्यभागातून गेला. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. बास्केटबॉलच्या बंदिस्त स्टेडियमचे छप्पर उचकटले, हॉटेलच्या काचा फुटल्या, राज्य विधिमंडळाच्या परिसरातली जुनी झाडे मुळासकट पडली. मग तो चढणीवरच्या वस्तीत शिरला आणि शेकडो घरांचे नुकसान करून विरला. चढण त्याला आडवी आली नाही.

यायचे कारणही नव्हते. १९८७च्या जुलैमध्ये वायोमिंग राज्यात यलोस्टोनजवळच्या जंगलात झालेला टोर्नेडो तीन हजार मीटरहून उंच डोंगररांग ओलांडून गेला होता. टोर्नेडोची तीव्रता मोजण्याची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या टेड फुजिता यांनी पडलेल्या झाडांच्या दिशांवरून त्याचा माग काढला. पण जंगलातली झाडे पडली म्हणून शहरातली समजूत बदलत नाही.

मराठीत या विषयावर बोलताना आधी शब्दांचाच घोळ होतो. बातम्यांत टोर्नेडोलाही सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हटले जाते. निसर्ग किंवा तौक्तेसारखे चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते, समुद्रावर तयार होते आणि ते येणार हे काही दिवस आधी कळते. टोर्नेडो गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला भोवरा असतो. त्याची रुंदी बहुधा काही डझन ते काहीशे मीटर, आयुष्य मिनिटांचे. जमिनीलगत वेगवेगळ्या दिशांचे वारे एकमेकांना भिडून गरगरू लागले आणि त्यांच्यावर जोराने वर उसळणारा ढग आला, की ती गरगर उभी ताणली जाते. हात आवळताच गिरकी घेणाऱ्या नर्तकाचा वेग वाढतो, तसा मग वाऱ्याचा वेग वाढतो. सॉल्ट लेकचा टोर्नेडो ‘एफ-२’ वर्गातला, म्हणजे ताशी अंदाजे १८० ते २५० किलोमीटर.

हवामान खात्याचे मोठे रडार सरोवराच्या उत्तरेकडे उंच डोंगरावर आहे. त्याची किरणे शहराजवळच्या खालच्या थरांवरून निघून जातात आणि टोर्नेडोची जुळवाजुळव तर खालीच होते. विमानतळाच्या जवळच्या रडारला ती अधिक स्पष्ट दिसली, हे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. यातून ‘आणखी रडार बसवा’ एवढाच धडा काढला जातो. रडार हवेतच, पण सर्वोत्तम व्यवस्थेतही टोर्नेडोची आगाऊ सूचना मिनिटांतच मिळते. तेवढ्या वेळात माणूस काय करतो आणि तो कशाखाली उभा आहे, यावर बाकीचे ठरते.

त्या दिवशी ८०हून अधिक माणसे जखमी झाली आणि एकाचा जीव गेला. तो गेला एका तात्पुरत्या मांडवात. शहरात व्यापारी प्रदर्शन भरले होते, तेही गिर्यारोहण आणि रानावनातल्या मुक्कामाच्या सामानाचे. मुख्य सभागृह अपुरे पडले म्हणून बाहेर मोठे तंबू ठोकले होते. सगळ्या शहरात सर्वात कच्चे बांधकाम तेच होते.

म्हणून हा प्रश्न टोर्नेडोपुरता राहत नाही. भारतात टोर्नेडो दुर्मीळ असले तरी होतातच. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत काही मिनिटांत २८ जण दगावले, सुमारे ७०० जखमी झाले. ३१ मार्च २०२४ रोजी बंगालमधल्या जलपायगुडी-मयनागुडी भागाने तेच पाहिले. महाराष्ट्रात माणसे मरायला टोर्नेडो लागतही नाही. एप्रिल २०२३मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पारसला वादळी पावसात मंदिराजवळच्या टिनशेडवर झाड कोसळून सात भाविक गेले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक पडून १७ जण गेले. त्या दिवशीचा वारा टोर्नेडोच्या जवळपासही नव्हता. अशा प्रत्येक घटनेनंतर हवामानबदलाकडे बोट दाखवण्याची आता सवय झाली आहे. टोर्नेडोंच्या बाबतीत त्याचा पुरावा अजून पक्का नाही. फलकाचा पाया किती खोल आहे, हे पाहायला तर हवामानशास्त्र लागतच नाही.

वाऱ्यात माणसाला इजा होते ती मुख्यतः उडणाऱ्या वस्तूंनी. पत्रे, काचा, विटा, लाकडाचे तुकडे. म्हणून सांगणे साधे आहे : सर्वात खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून दूर, आतल्या खोलीत किंवा बाथरूममध्ये जायचे, खाली वाकायचे, डोके झाकायचे. हवेचा दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडा, हा जुना सल्ला चुकीचा ठरला आहे. त्यात वेळ जातो आणि माणूस काचेसमोर उभा राहतो. डोक्याच्या दुखापतींचा अनुभव घेतलेले अलाबामातले डॉक्टर तर घरात हेल्मेट हाताशी ठेवा म्हणतात. पुण्यात ते निदान वापरलेले नसल्याने चांगल्या स्थितीत सापडेल.

वादळ गेल्यावर दवाखान्याचे काम सुरू होते आणि तिथेही एक फसगत असते. जखम वरून लहान दिसते, आत माती आणि लाकडाचा भुसा खोल घुसलेला असतो. २०११मध्ये मिसुरी राज्यातल्या जॉपलिनला टोर्नेडोने उद्ध्वस्त केले, तेव्हा जखमींपैकी तेरा जणांना म्युकरमायकोसिस झाला आणि पाच जण दगावले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून महाराष्ट्राने धसका घेतला, त्याच गटातला हा आजार. फक्त इथे बुरशी श्वासातून न येता मातीबरोबर थेट मांसात गेली होती. म्हणून अशी जखम पहिल्याच दिवशी टाके घालून बंद करण्याची घाई करायची नसते. ती उघडून भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायची, मेलेला भाग काढायचा, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे आणि काही दिवस रोज पाहून मगच शिवायची. अँटिबायोटिक चालू असूनही जखम काळवंडत, पसरत चालली, तर तिचा तुकडा बुरशीच्या तपासणीला पाठवायचा.